कढईपाशी उभी टांटी

त्रिनिदादमध्ये रविवारी सकाळी कुठल्याही घरात शिरा. स्वयंपाकघरात एक बाई ठाण मांडून उभी असते, आणि ती स्वयंपाक करत नसते. ही टांटी. ती मावशी असेल, आत्या असेल, तीन घरं पलीकडची शेजारीण असेल. नात्याचा दाखला मागायची कुणाची टाप नाही. भारतीय वंशाच्या घरात हीच बाई आजी असते (वडिलांच्या आईला तिथे आजीच म्हणतात), पण कारभार तोच.

रविवारच्या जेवणाला स्ट्यू चिकन हवंच. ते करायचं सुनेनं किंवा नातीनं. टांटी फक्त बघणार. तिचं नुसतं बघणंही घरातल्यांना पुरेसं जड जातं. आल्या आल्या ‘कशी आहेस’ वगैरे नाही. पहिला प्रश्न, “कोंबडी लिंबानं धुतलीस?” धुतली म्हटलं, तर एक तुकडा उचलून वास घेते. दुसरा प्रश्न, “मसाला रात्री लावला की सकाळी?” मसाला हिरवा असतो: लसूण, कांद्याची पात, थाइम, न झोंबणारी छोटी सुगंधी मिरची आणि शॅडो बेनी. शॅडो बेनीची पानं लांब, दातेरी, वास कोथिंबिरीचाच पण चौपट. सकाळी लावला असं कबूल करणारी मुलगी अजून त्या बेटावर जन्मायची आहे.

मग जाड बुडाच्या भांड्यात तेल तापतं, त्यात ब्राउन साखर पडते आणि टांटी एक पाऊल पुढे सरकते. गप्पा थांबतात. रेडिओचा आवाज बारीक होतो. साखर विरघळते, फसफसून वर येते, मधासारखी होते, मग तांबूस, मग त्याहून गडद. या पदार्थाचा रंग, वास आणि निम्मी चव इथेच ठरते. लवकर कोंबडी टाकली तर रस्सा फिकट आणि गोडमिट्ट. उशीर झाला तर कडू. साखर तांबूस व्हायला साधारण 160 अंश सेल्सिअसपासून पुढे सुरुवात होते असं शास्त्र सांगतं. टांटीकडे तापमापक नाही, नाक आहे.

“आता टाकू?”

“थांब.”

“आता?”

“थांब म्हटलं ना!”

“टांटी, धूर...”

“अगं टाक! बघत काय बसलीस?”

शेवटच्या ‘थांब’मध्ये आणि ‘टाक’मध्ये डोळ्याची पापणी लवायलाही वेळ मिळत नाही. टांटीची सारी सत्ता त्या फटीत आहे. बाकी सगळी पाककृती ती रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही सांगेल. साखर किती? “पुरेशी.” किती वेळ? “होईपर्यंत.” यात लपवाछपवी नाही, तिलाही तिच्या टांटीनं एवढंच सांगितलं होतं.

पुढचं काम सोपं. तुकडे साखरेत घोळवायचे, झाकण ठेवून त्यांचं अंगचं पाणी सुटू द्यायचं, ते आटलं की गरम पाणी, आणि वर एक अख्खी, जहाल काँगो मिरची. ही मिरची ढवळताना फुटली तर दुपारभर घरात कुणी कुणाशी बोलत नाही.

टांटीच्या शत्रूंची यादी मोठी आहे. पहिला शत्रू बाटली. टोरंटो-न्यूयॉर्कला गेलेली भाचरं साखर जाळण्याऐवजी तयार ‘ब्राउनिंग’ची बाटली वापरतात, हे तिला कळलेलं असतं; भाचरं सुट्टीला आली की त्यांची तब्येत विचारावी तशा आवाजात बाटलीची चौकशी होते. दुसरा शत्रू जमैका. तिथे आधी कोंबडी तेलात तांबूस करून घेतात आणि मग रस्सा करतात. याबद्दल विचारलं तर टांटी क्षणभर थांबून उदारपणे म्हणते, “ती माणसं पळतात मात्र छान.”

त्रिनिदादचा इतिहास पाहिला तर साखर जाळण्याचा मान टांटीलाच शोभतो. साखरेसाठी आफ्रिकेतून गुलाम आणले. गुलामगिरी संपल्यावर 1845 ते 1917 या काळात 1 लाख 40 हजारांहून जास्त हिंदुस्थानी माणसं करारावर मळ्यांत आणली. सरकारी कारोनी साखर कंपनीनं 2003 मध्ये गाशा गुंडाळला. उसानं ज्यांच्या पणज्यांना जाळलं, त्यांची नात दर रविवारी दोन चमचे साखर जाळते. मला तरी हा हिशेब फारच स्वस्तात मिटलेला वाटतो.

टांटी घराबाहेरही टांटीच असते. पॉल कीन्स-डग्लस या कथाकाराची टांटी मर्ल पोर्ट ऑफ स्पेनच्या ओव्हलवर क्रिकेट बघायला जाते ती खाण्याची भलीमोठी टोपली घेऊन. याच मैदानावर 1971 मध्ये सरदेसाईंनी 112 काढले, गावसकरांनी पदार्पणात 65 आणि नाबाद 67 केले, आणि वाडेकरांच्या भारतीय संघानं वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदा हरवलं. प्रेक्षकांतल्या टांट्यांना हार झोंबली असेल, पण तो नवा मुलगा मनोमन पटला असणार. थांबायचं कधी आणि मारायचं कधी हे कळणारा माणूस. त्याच्या हाती साखर निर्धास्त सोपवावी.

दुपारी पानं मांडली जातात. भात, लाल राजमा, मॅकरोनी पाय, कलालू (म्हणजे आपली अळूची पानं, भेंडी आणि नारळाचं दूध) आणि मधोमध ते तपकिरी, चकचकीत चिकन. नातीचं स्ट्यू गेली कित्येक वर्षं बिनचूक होतंय. टांटी एक घास खाते, सगळे तिच्या तोंडाकडे बघतात. “बरं झालंय. मीठ बघ.” एवढं बोलून ती तिसऱ्यांदा वाढून घेते.

घरी करून बघणार असाल तर किलोभर कोंबडीला दोन मोठे चमचे ब्राउन साखर घ्या, तुकडे निथळून घ्या नाहीतर तेल अंगावर उडेल, आणि साखर पातेल्यात असताना फोन उचलू नका. कडवट वास आला तर ती साखर टाकून द्या आणि नवी घ्या. जळक्या साखरेवर कितीही पाणी ओतलं तरी रस्सा कडूच होतो.