कारणेकाका

आडनाव त्यांचं वेगळंच आहे, पण ते आता फक्त लाइटबिलावर उरलंय. अख्खी सोसायटी त्यांना कारणेकाका म्हणते. जगात काही विनाकारण घडतं हे त्यांना मुळात मान्यच नाही. लिफ्ट खाली निघताना पोटात गोळा आला, एवढं कुणी म्हणायचा अवकाश, तळमजल्यापर्यंत न्यूटन.

घरात काकू कांदा चिरत असतात. डोळ्यांना धारा. काका पेपर बाजूला टाकून ओट्याशी हजर. "अगं, कांदा कापला की पेशी फुटतात, एरवी लांब लांब असलेली रसायनं एकत्र येतात आणि गंधकाचा एक वायू सुटतो. तो डोळ्यांत झोंबतो. हा वायू तयार करणारं विकर वेगळंच आहे, हे जपान्यांनी २००२ साली दाखवलं. पुढे इग-नोबेल मिळालं त्यांना!"

"उपाय काय ते सांगा."

"कांदा आधी फ्रीजमध्ये गार करायचा, सुरी धारदार घ्यायची."

"ही घ्या सुरी."

नेमकी तेव्हाच काकांना दुधाची पिशवी आणायची आठवण होते.

त्यांचा फ्रीज हा स्वतंत्र विषय. टांझानियातल्या एरास्टो एम्पेम्बा नावाच्या शाळकरी पोराला १९६३ साली आइस्क्रीम करताना दिसलं, की त्याचं गरम मिश्रण इतरांच्या गार मिश्रणाआधी गोठलं. मास्तरांनी टिंगल केली. पोरगं चिवट, १९६९ मध्ये एका प्राध्यापकाबरोबर त्याचा यावर लेखच छापून आला. असं खरंच होतं का, आणि होत असेल तर कशामुळे, यावर शास्त्रज्ञ अजून भांडताहेत. हे वाचल्यापासून काकांच्या फ्रीझरमधून मटार हद्दपार झाले. तिथे दोन ट्रे असतात. एकावर 'गरम' अशी चिठ्ठी, दुसऱ्यावर 'गार'. निकाल विचारा. "कधी हा, कधी तो! काही कळत नाही!" असं ते लॉटरी लागल्याच्या आनंदात सांगतात.

मला काका आवडतात ते यासाठीच. व्हॉट्सअ‍ॅपवरून कशालाही 'शास्त्रीय कारण' चिकटवणारे प्रत्येक जिन्यात दोन निघतील. 'माहीत नाही' म्हणताना ज्याचा चेहरा खुलतो, असा आमच्याकडे हा एकच.

पण कोजागिरीला त्यांनी कहर केला. गच्चीवर शेगडी पेटलेली, पातेल्यात दूध तापत होतं आणि समोरच्या बिल्डिंगीमागून चंद्र वर आला. "काय मोठा दिसतोय हो आज!" कुणीतरी म्हणून गेलं. झालं.

"मोठा नाही! उगवतीचा चंद्र डोक्यावरच्या चंद्रापेक्षा उलट दीडेक टक्का लहानच असायला हवा. तेव्हा तो आपल्यापासून जवळपास पृथ्वीच्या त्रिज्येएवढा जास्त लांब असतो. मोठेपणा सगळा आपल्या मेंदूतला. खोटं वाटतं? पाठ फिरवा, वाका आणि दोन्ही पायांच्या मधून बघा."

आणि लोक वाकले! गुडघ्याचं ऑपरेशन झालेले चेअरमन कठड्याला धरून वाकले, नऊवारीतल्या आजी वाकल्या, दुसऱ्या मजल्यावरची नवी सूनबाई सासूबाईंची नजर चुकवून वाकली. सगळी सोसायटी चंद्राकडे पाठ करून चंद्र बघत होती. "अरे, खरंच लहान झाला की!" चेअरमन ओरडले.

तेवढ्यात शेगडीकडून चर्रर्र आवाज आला.

सगळे सरळ होईपर्यंत निम्मं दूध फरशीवर. केशर, वेलची, चारोळी, सगळं त्याच्याबरोबर. काकू काही बोलणार, तोच काका पुढे झाले. "बघा, तापताना वर प्रथिनांची आणि स्निग्धांशाची साय धरते. खालची वाफ तिच्यात अडकते, आणि मग फेस साय उचलून—"

काकूंनी त्यांच्या हातात फडकं दिलं.

तुमच्याही सोसायटीत असं कुणी असेल, तर त्यांना प्रश्न जरूर विचारा. फक्त आधी गॅस बंद करा.