गॅरेजातला पाटबंधारे विभाग

हे मार्गदर्शन मेलबर्नमधल्या क्लेटन आणि परिसरातील अशा मराठी गृहस्थांसाठी आहे, ज्यांची मोटार गेल्या हिवाळ्यापासून रस्त्यावर उभी असते, कारण गॅरेजात कोथिंबीर राहते. घरमालक, भाडेकरू, मोनाश विद्यापीठात पीएच.डी. करणारे आणि ती करून झाल्यावरही क्लेटन न सोडलेले, अशा सर्वांना ते सारखेच लागू आहे. रसायनशास्त्राच्या पदवीधरांनी मात्र विशेष सावध राहावे. सर्वांत महागडी नासाडी त्यांच्याच हातून होते. ती का झाली हे त्यांना नीट समजावून सांगता येते, एवढाच काय तो फरक.

बिनमातीच्या शेतीचा इतिहास पाहुण्यांना सांगण्यापुरता पुरेसा आहे. 1937 साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथील प्रा. गेरिके यांनी तिचे ‘हायड्रोपोनिक्स’ असे बारसे केले. पुढच्याच वर्षी होगलंड आणि आर्नन यांनी पोषक द्रावणाची पाककृती एका पत्रिकेत छापली, आणि बाजारातल्या बाटल्या आजही थोड्याफार फरकाने तीच पाककृती विकतात. आपल्याकडे 1946 मध्ये शोल्टो डग्लस यांनी बंगालात, कालिंपाँगच्या बाजूला, खडी आणि वाळूवर प्रयोग केले. अवघड यंत्रसामग्री टाळायची, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा होता. आपण अर्थातच पहिल्या दिवशी पंप घेतला.

क्लेटनच्या दक्षिणेला, हेदरटन-डिंगलीच्या वाळूपट्ट्यात, पिढ्यान्‌पिढ्या भाजीचे मळे होते. तेव्हा ‘इथल्या जमिनीत काही उगवत नाही’ हे कारण निदान जुन्या शेजाऱ्यांना देऊ नये. राहता राहिले खरे कारण. दूरदर्शनवर ‘आमची माती, आमची माणसं’ पाहत वाढलेल्या पिढीच्या लक्षात येईल की त्यातून माती वजा केल्यावर माणसे उरतात. बिघाडाचा शोध तिथूनच सुरू करावा.

आता निचरा. पाणी उताराकडे वाहते. हे सर्वांना शाळेपासून ठाऊक असते, आणि पन्हळी बसवताना नेमके तेवढेच आठवत नाही. इंग्लंडमध्ये ॲलन कूपर यांनी रुजवलेल्या पातळ प्रवाहाच्या पद्धतीत चाळीसास एक असा उतार सर्रास धरतात, म्हणजे दोन मीटरच्या पन्हळीला पाच सेंटिमीटर. आपला बागायतदार हे पाच सेंटिमीटर टेपने जमिनीपासून मोजतो. परंतु गॅरेजची फरशी बहुधा दाराकडे उतरती केलेली असते, पाणी बाहेर जावे म्हणून. फरशीचा उतार आणि आपला उतार परस्परविरोधी निघाले की पन्हळ बरोबर सपाट होते. मग तिच्यात एक शांत, सुंदर तळे साचते आणि त्यात मुळे गुदमरून मरतात. तेव्हा टेप ठेवून द्यावी आणि पाणसळ आणावी. पाणसळ म्हणजे काय हे ठाऊक नसल्यास गावाकडच्या कोणत्याही गवंड्याला विचारावे. तो हसेल, पण सांगेल.

पाणसळ दोन्ही टोकांना लावून भागत नाही, मधोमधही लावावी. जानेवारीत पारा चाळिशीच्या वर गेला की पत्र्याखालची पीव्हीसी पन्हळ दोन आधारांच्या मध्ये पोट सोडते. आधार वाढवणे हा एकच उपाय आहे. पन्हळीला उद्देशून बोलल्याने फरक पडत नाही, हे अनेकांनी करून पाहिले आहे.

या पद्धतीत मुळांचा खालचा भाग दोन-चार मिलिमीटर पाण्यात आणि वरचा हवेत असावा लागतो. दर पन्हळीला मिनिटाला साधारण एक लिटर पाणी पुरते. हे स्वयंपाकघरातल्या मोजपात्राने मोजावे आणि ते पात्र परत जागेवर ठेवावे. दुसरी सूचना पहिलीइतकीच तांत्रिक आहे.

तुंबण्याचे मुख्य ठिकाण म्हणजे परतीचा पाइप. जाणारे पाणी पंपाच्या जोरावर जाते. येणारे पाणी आपल्या मनाने येते. तरीही नवखा माणूस दोन्हीकडे तोच 13 मिलिमीटरचा काळा पाइप लावतो, कारण गुंडाळी एकच घेतलेली असते. परतीचा पाइप भरपूर मोठा, 40 मिलिमीटरच्या आसपासचा घ्यावा आणि त्याला काटकोनी एल्बो शक्य तितके कमी लावावेत. शनिवारी सकाळी बनिंग्जमध्ये पावात गुंडाळलेले सॉसेज, किंवा शाकाहारी असल्यास नुसता कांदा, खात खात एल्बो निवडले की ते गरजेपेक्षा जास्त येतात, आणि घरी आलेला एल्बो कुठेतरी बसवल्याशिवाय चैन पडत नाही. काटकोनाच्या जागी पंचेचाळीस अंशांचे दोन सांधे वापरावेत. आतल्या कोपऱ्यात मुळांचा गुंता अडकतो, त्यावर रोपांना आधार देणाऱ्या चिकणगोळ्यांचा गाळ बसतो, आणि मग जे होते ते सकाळी गॅरेजच्या दाराखालून बाहेर आलेले दिसते. गोळे वापरण्याआधी पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावेत, असे पाकिटावर लिहिलेले असते. ते खरे आहे.

पुदिन्याविषयी स्वतंत्र इशारा. पुदिना कोथिंबिरीच्या वरच्या अंगाला लावू नये. त्याची मुळे पन्हळीतून चालत जाऊन निचऱ्याच्या भोकात बसतात. त्याला वेगळ्या डब्यात ठेवावे.

रात्री अडीच वाजता ऐकू येणाऱ्या आवाजांचे निदान असे. गुडगुड म्हणजे परतीच्या पाइपात हवा अडकली आहे. त्याच्या वरच्या टोकाला टी-जोड लावून एक उभी, उघडी नळी काढली की ती हवा निघून जाते. घरघर म्हणजे टाकीतले पाणी संपत आले असून पंप हवा ओढतो आहे. काहीच आवाज न येणे हे सर्वांत वाईट. पंप थांबला की वरचे सगळे पाणी खाली परततेच. टाकीत तेवढी रिकामी जागा ठेवलेली नसेल तर ती ओसंडते. त्यात वरच्या ट्रेमधल्या नळीचे तोंड पाण्यात बुडलेले असेल, तर वक्रनलिकेचा नियम लागू होऊन थांबलेल्या पंपातूनच ट्रे उलटा रिकामा होतो. नळीला पाण्याच्या पातळीच्या वर एक बारीक भोक पाडले की हवा शिरते आणि नियम संपतो. हे सगळे पाहण्यासाठी दिवसाढवळ्या एकदा पंप मुद्दाम बंद करावा आणि टाकीजवळ उभे राहावे. पायात चप्पल असू नये.

निचरा जमला की माणसाला आत्मविश्वास येतो, आणि खतांचे मिश्रण नेमके याच मनःस्थितीत बिघडते.

मेलबर्नचे पाणी थॉमसन आणि अप्पर यारा यांसारख्या धरणांतून, माणसांना मज्जाव असलेल्या जंगलांतून येते. त्यात क्षार फारच कमी असतात. पुण्यातल्या बोअरवेलच्या सोसायटीत वाढलेल्या माणसाला बादलीवर पांढरा थर नसलेले हे पाणी पाहून गहिवरून येते. पण जड पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेट आम्ल पचवते. इथल्या पाण्यात तो पचवणाराच नसतो. पुण्यात आम्लाच्या ज्या मापाने पीएच जेमतेम हलला असता, त्या मापाने इथे तो साडेसहावरून चारावर कोसळतो. घाबरून मालक अल्कली ओततो, पीएच आठावर चढतो, पुन्हा आम्ल, पुन्हा अल्कली. तासाभराने टाकीत झाडांपेक्षा मालकाच्या मनाची अवस्था जास्त विरघळलेली असते. शिवाय या पाण्यात चुना नाही, म्हणजे झाडाला लागणारे कॅल्शियम सगळे बाटलीतूनच द्यायचे आहे.

बाटल्या दोन असतात, ‘ए’ आणि ‘बी’. ‘ए’मध्ये कॅल्शियम नायट्रेट, ‘बी’मध्ये फॉस्फेट आणि सल्फेट. या दोघांची भेट घट्ट स्वरूपात कधीही घडवू नये. मध्ये पाणी हा अंतरपाट हवाच. आधी टाकीत पाणी, मग ‘ए’, ढवळणे, मग ‘बी’, पुन्हा ढवळणे, थोडा वेळ, मग ईसी, म्हणजे द्रावणाची विद्युतवाहकता, मोजणे आणि सर्वांत शेवटी पीएच. एकाच मापात दोन्ही ओतून वेळ वाचवणाऱ्यास तळाशी पांढरा गाळ मिळतो. त्यात कॅल्शियम फॉस्फेट असते आणि जिप्सम असते. ज्या जिप्समला भाजून प्लास्टर ऑफ पॅरिस करतात, तेच. प्लास्टरचा गणपती विसर्जनानंतर का विरघळत नाही हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी हा गाळ ढवळून विरघळण्याची वाट पाहू नये. ओतून द्यावा. गाळ बसल्यावर मीटर जो आकडा दाखवतो तो झाडाच्या कामाचा नसतो, कारण झाडाचे जेवण तळाला बसलेले असते.

मीटरबद्दल थोडे. ईसी 1.4 म्हणजे काही मीटरवर सीएफ 14, काहींवर 700 पीपीएम आणि काहींवर 980 पीपीएम. पाणी तेच, गुणक एकाने 500 धरला, दुसऱ्याने 700. आरओचे पाणी तपासायला पुण्याहून आणलेला पेन बहुधा पहिल्या पंथाचा असतो, आणि इथल्या बाटल्यांवरचे तक्ते पुष्कळदा दुसऱ्या पंथाचे. दोघांची गाठ पडली की कोथिंबिरीला चाळीस टक्के जास्त जेवण जाते. पीपीएमचा नाद सोडून ईसीवर यावे. कोथिंबिरीला 1.2 ते 1.8 आणि पीएच सहाच्या आगेमागे, एवढे पुरते.

ईसी वाचण्याची रीत मात्र शिकावी लागते. उत्तरेचा तापलेला वारा सुटला की झाड पाणी जास्त पिते आणि क्षार मागे ठेवते. टाकीतली पातळी उतरते, ईसी चढतो. अशा वेळी साधे पाणी घालावे. मालक काय करतो? पातळी उतरलेली पाहून पूर्ण मापाचे खत घालतो. संध्याकाळी पानांच्या कडा करपतात आणि त्यावर उपाय म्हणून आणखी एक बाटली विकत आणली जाते. उलट, पातळी फारशी न उतरता ईसी उतरत असेल तर झाड खरेच खात आहे, तेव्हाच वाढावे.

पाण्याचे तापमान 18 ते 22 अंश ठेवावे. वीस अंशांना लिटरभर पाण्यात नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तिसाला साडेसातच, आणि मुळे कुजवणारी पिथियम बुरशी नेमकी त्याच वेळी जोर धरते. दुधाच्या प्लॅस्टिक बाटलीत पाणी गोठवून ती टाकीत सोडावी. दुपारी चाळीस अंश आणि संध्याकाळी दक्षिणेचा वारा येऊन तासाभरात वीस, हे मेलबर्नचे हवामान असल्याने बाटली वेळेवर काढण्याचीही आठवण ठेवावी. टाकीवर प्रकाश पडू देऊ नये. हिरवे शेवाळ हे पीक नव्हे, पाहुणे कितीही कौतुक करोत.

प्रकाशावरून आठवले. गॅरेजच्या दाराच्या फटीतून रात्री जांभळा उजेड बाहेर सांडत असेल, तर ऑस्ट्रेलियात ‘हायड्रो’ हा शब्द मेथीशी जोडला जात नाही, याची जाणीव असावी. व्हिक्टोरियात भाड्याच्या घराची नियमित पाहणी सहा महिन्यांतून एकदा होऊ शकते आणि तिची आगाऊ सूचना मिळते. त्या दिवशी दिवे विझवून चादरी टाकू नयेत; चादरीने संशय वाढतो. दार सताड उघडे ठेवावे आणि एजंटच्या हातात मेथीची जुडी द्यावी. तो वास सगळे स्पष्टीकरण देतो.

जुने द्रावण दोन-तीन आठवड्यांनी बदलावे. रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात ते ओतू नये. ते पाणी प्रक्रियेशिवाय ओढ्यात आणि पुढे पोर्ट फिलिप बेमध्ये जाते. बागेत घालावे, पण पाहून. ग्रेव्हिलिया आणि बँक्सिया ही इथली झाडे फॉस्फरसच्या उपासमारीत मुरलेली आहेत. त्यांना हा पाहुणचार सोसत नाही, ती मरतात. परसातल्या लिंबाला मात्र घालावे. क्लेटनमध्ये लिंबाचे झाड नसलेले परस शोधावेच लागेल.

एवढे करूनही पाने पिवळी पडत असतील, तर तज्ज्ञाला फोन करावा. तज्ज्ञ म्हणजे निफाडचे मामा. उन्हाळ्यात भारत साडेपाच तास मागे असतो, म्हणजे आपण अडीच वाजता गुडगुड ऐकून उठतो तेव्हा तिकडे रात्रीचे नऊ झालेले असतात, आणि शेतीची वीज रात्रपाळीला असेल तर मामा द्राक्षांच्या बागेत जागेच असतात. त्यांना होगलंड-आर्नन माहीत नाहीत. पण 13:0:45 कधी आणि 0:52:34 कधी, ठिबकच्या नळ्या आम्लाने कशा धुवायच्या, हे सगळे त्यांच्या बोटांवर आहे. आपण पीएच, ईसी, गुणक असे सगळे सांगून होईपर्यंत ते ऐकून घेतात.

“कॅल्शियम वेगळं सोडतो का रं?”

“हो मामा.”

“पानं जुनी पिवळी पडत्यात का नवी?”

“नवी. शिरा हिरव्या आहेत.”

“मग लोहाची कमतरता हाय. पीएच वर गेलाय तुझा. सातच्या वर लोह मिळंना झाडाला. आन् दोन दिस हात लावू नको त्याला.”

निदान बरोबर असते. शेवटची सूचना पाळणे सर्वांत अवघड, म्हणून मीटर दोन दिवस सौभाग्यवतींच्या ताब्यात द्यावा. फोन इथेच ठेवणे श्रेयस्कर, कारण मामांचा पुढचा प्रश्न ठरलेला आहे:

“आन् एवढं समदं करून जुड्या किती निघत्यात? भाव काय मिळतो?”

अशा वेळी लाइन खराब असल्याचे सांगावे.