सर, आवाज आला नाही

नाशिकमध्ये नव्या गाडीत बिघाड झाला तर तो खासगी मामला राहत नाही. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीने या गावाला नोकऱ्या दिल्या आणि पुढे यथावकाश निवृत्त तज्ज्ञही दिले. आमच्या सोसायटीत महिंद्रातून निवृत्त झालेले दोघे आहेत, 'मायको'तले तिघे आहेत (कंपनीचं नाव बॉश होऊन जमाना झाला, पण सातपूरला जाणारा माणूस अजून मायकोतच जातो), ओझरच्या एचएएलमधले एक आणि नाशिकरोडच्या प्रेसमधले एक. पार्किंगमध्ये कुणाच्याही गाडीचं बॉनेट उघडलं की ही मंडळी खाली हजर. लिफ्ट बंद असेल तर जिन्याने. एरवी गुडघेदुखीमुळे सोसायटीच्या मीटिंगला यांना जमत नाही.

आमची नवी गाडी सपाटीवर अत्यंत सद्गुणी होती. कॉलेज रोड, गंगापूर रोड, नवश्या गणपती, सगळीकडे गुमान जायची. मुंबईहून परतताना कसारा घाट लागला की मात्र तिचं मन संसारातून उडायचं. ॲक्सिलरेटर दाबला की डॅशबोर्डाखालून आधी 'कुईं', मग एक बारीकसा 'टक्', आणि त्यानंतर पिकअप गायब. इंजिन चालू, एसी चालू, गाणी चालू, फक्त गाडी चालू नाही. वाशीला कांदा उतरवून रिकामे परतणारे ट्रक हॉर्न देत आम्हाला ओलांडून जायचे आणि त्यातले क्लीनर खिडकीतून वाकून, ही काय भानगड आहे, म्हणून बघायचे. सौभाग्यवती एकदा म्हणाल्या, "अहो, मी उतरून पुढे होऊ का? इगतपुरीला चहा सांगून ठेवते."

तज्ज्ञांचं मंडळ बसलं. मायकोच्या काकांनी इंजिनाकडे न बघताच निदान केलं, "पंप नाहीतर इंजेक्टर." त्यांनी आयुष्यभर तेच बनवलं, त्यांना सर्दीसुद्धा इंजेक्टरमुळे होते. महिंद्राचे काका म्हणाले, "क्लच. आणि तुम्ही आमची गाडी घेतली असती तर ही वेळ आली नसती." एचएएलच्या काकांनी डोळे मिटून बराच वेळ आवाज ऐकला. या माणसाने मिगवर काम केलेलं, म्हणून सगळे गप्प. शेवटी ते म्हणाले, "विमान असतं तर मी उडू दिलं नसतं." एवढं बोलून ते वर निघून गेले. प्रेसमधले काका मात्र बॉनेटजवळ फिरकलेच नाहीत. त्यांनी विचारलं, "कागद कुठेत?"

ज्या माणसाची नोकरी नोटांच्या छापखान्यात गेली, त्याचा कागदावर भारी जीव. तिथे एक शीट मोजणीत कमी भरली तर पाळीतल्या कुणाला घरी सोडत नसत, हे त्यांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवलंय की आता तो प्रसंग आम्हाला आमच्याच आयुष्यात घडल्यासारखा वाटतो. मी वर्कशॉपची जॉबकार्डं आणून दिली. काकांनी चष्मा बदलला आणि परीक्षेचा पेपर तपासावा तशी एकेक ओळ बोटाने वाचली.

मी वर्कशॉपमध्ये काय सांगितलं होतं? "घाट चढताना गाडी पिकअप सोडते, मागून ट्रक येत असतात, जिवाला धोका आहे." जॉबकार्डावर काय होतं? 'जनरल चेकअप.' दुसऱ्यावर, 'कस्टमर फीलिंग लो पिकअप.' म्हणजे पिकअप कमी नाही, मला तसं वाटतंय. तिसऱ्यावर, 'कन्सर्न नॉट ऑब्झर्व्ड, व्हेईकल ओके.' आणि प्रत्येकाखाली 'काम समाधानकारक झाले' या वाक्यासमोर माझी सही. ती सही केल्याशिवाय गेटपास मिळत नाही आणि गेटपासशिवाय वॉचमन गाडी सोडत नाही. आपलीच गाडी सोडवण्यासाठी खंडणी म्हणून समाधान लिहून द्यावं लागतं.

काका म्हणाले, "या कागदांप्रमाणे तुमची गाडी ठणठणीत आहे. बिघाड तुमच्यात आहे."

सर्व्हिस ॲडव्हायझर हा तसा गोड मुलगा. त्याच्या मते माझ्या गाडीचा आवाज फक्त मलाच ऐकू येत होता. "सर, आम्ही ट्रायल घेतली. आवाज आला नाही. स्कॅनर लावला, कोड पण नाही."

"ट्रायल कुठे घेतली?"

"मुंबई नाका ते द्वारका, सर."

नाशिककराला पुढचं सांगायची गरज नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. संध्याकाळच्या वेळी मुंबई नाका ते द्वारका या पट्ट्यात जगातली कुठलीही गाडी पिकअप सोडत नाही, कारण तिथे पिकअप घेताच येत नाही. तिथे रॉकेटची ट्रायल घेतली तरी 'ओके' शेरा मिळेल.

शिवाय फीडबॅकचा फोन. त्याआधी ॲडव्हायझर हळूच सांगतो, "सर, कंपनीतून फोन येईल, दहापैकी दहा द्या. नऊ दिले तरी माझा इन्सेंटिव्ह कट होतो." आता पोराचं नुकतंच लग्न झालेलं, घराचा हप्ता चालू. माणुसकीला जागून लोक दहा देतात. आणि पुढे कधी प्रकरण चिघळलं की कंपनीचा वकील तेच दहा गुण ग्राहक आयोगापुढे ठेवतो: ग्राहक अत्यंत समाधानी होते, हा पाहा पुरावा.

याच सुमारास सॅन होजेहून मावसभावाचा फोन आला. तो म्हणाला, "अरे, पैसे परत माग. तुमच्याकडे लेमन लॉ नाही?" आई शेजारीच होती. ती म्हणाली, "त्याला सांग, डिलिव्हरीच्या दिवशीच चारी चाकांखाली लिंबं दिलीयेत." तिकडे मात्र सारख्या बिघडणाऱ्या गाडीलाच 'लेमन' म्हणतात आणि तिच्यासाठी लिंबाचा कायदाच आहे. गाड्यांसाठीचा पहिला कनेटिकट राज्याने १९८२ साली केला, नंतर बाकीच्या राज्यांनीही केले. कॅलिफोर्नियात पहिल्या १८ महिन्यांत किंवा १८ हजार मैलांत तोच दोष चार वेळा दुरुस्तीला जाऊनही राहिला, किंवा गाडी एकूण ३० दिवसांपेक्षा जास्त गॅरेजात पडून राहिली, तर कायदाच गृहीत धरतो की कंपनीला पुरेशी संधी मिळाली. जिवावर बेतणारा दोष असेल तर दोनच वेळा. मग गाडी बदलून द्या नाहीतर पैसे परत करा. सिंगापूरनेही २०१२ पासून सदोष मालासाठी असा कायदा लागू केला. या सगळ्यात मला एकच गोष्ट आवडली: तिकडे कायदा मोजतो. आवाज कसा होता, कुणाला आला, कुणाला नाही, या वादाच्या आधी तो विचारतो, "कितव्यांदा?"

आपल्याकडे खास गाड्यांसाठी असा कायदा नाही. आहे तो ग्राहक संरक्षण कायदा. आधी १९८६ चा, आणि २० जुलै २०२० पासून २०१९ चा. कायदा चांगला आहे, हे मी उपरोधाने म्हणत नाही. ग्राहक पंचायतीच्या बिंदुमाधव जोशींसारख्या माणसांनी १९७४ पासून पुण्यात बसून गिऱ्हाइकाला ग्राहक केलं, त्या खटपटीचं ते फळ आहे. नाशिकच्या माणसाला नाशिकच्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते, मग कंपनी कुठलीही असो. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असली की प्रकरण जिल्ह्यातच. फी तर ऐकून चक्कर येते: ५ ते १० लाखांच्या गाडीला २०० रुपये, १० ते २० लाखांच्या गाडीला ४००. वर्कशॉपच्या बिलात 'कन्झ्युमेबल्स' नावाची जी गूढ रक्कम असते ना, न्याय त्याहून स्वस्त आहे. निकाल तीन महिन्यांत, माल तपासणीला पाठवावा लागला तर पाच महिन्यांत, असंही कायद्यात लिहिलंय. लिहायला कायद्याचं काय जातं.

अडतं ते 'उत्पादनातला दोष' सिद्ध करण्यावर. मारुतीच्या एका प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वॉरंटी म्हणजे बिघडलेला भाग दुरुस्त करणं किंवा बदलून देणं. क्लच बिघडला म्हणून अख्खी गाडी बदलून मिळत नाही. तेव्हापासून प्रत्येक कंपनीचा वकील हा निकाल खिशात घेऊन फिरतो. दुसरा हुकमी युक्तिवाद असा: गाडी इतके हजार किलोमीटर चालली, म्हणजे दोष नाहीच. आता ती वर्कशॉपला न्यायची तरी चालवूनच ना? तिसरा खेळ डीलर आणि कंपनी यांच्यातल्या टोलवाटोलवीचा. गोव्यात एका ग्राहकाने २०११ चं मॉडेल म्हणून पैसे मोजले आणि हातात आलं २००९ चं. तो लढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२१ मध्ये निकाल लागला की डीलरने केलेल्या लबाडीला टाटा मोटर्स आपोआप जबाबदार ठरत नाही, कारण दोघांचा व्यवहार मालकाशी मालक असा स्वतंत्र आहे. शोरूमच्या दारावर कंपनीचं नाव हातभर उंचीचं आणि डीलरचं नाव बोटभर का असतं, त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नव्हता; आताही नाही.

ग्राहकाच्या बाजूचे निकालही आहेत आणि ते वाचून बरं वाटतं. ह्युंदाईच्या क्रेटाला अपघात झाला, एअरबॅग उघडल्याच नाहीत. धडक पुरेशा जोराची नव्हती, असं कंपनीचं म्हणणं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ग्राहकाने वेग आणि बल यांची गणितं मांडणारा भौतिकशास्त्रज्ञ असावं अशी अपेक्षा नाही. गाडी बदलून देण्याचा आदेश कायम राहिला. अपघात होत असताना 'न्यूटन किती झाले' हे बघायचं राहून गेलं, म्हणून कुणाचा दावा फेटाळला जाणार नाही, एवढा दिलासा मोठाच.

आणि ज्यांना वाटतं की हा त्रास आपल्यासारख्या हप्तेवाल्यांनाच, त्यांनी हैदराबादच्या एका कंपनीची गोष्ट ऐकावी. सप्टेंबर २००९ मध्ये तिने बीएमडब्ल्यूची सेव्हन सीरिज घेतली. चौथ्या-पाचव्या दिवशी बिघाड दिसला. पोलिसांत फिर्याद झाली, उच्च न्यायालय झालं, मधे नवी गाडी देऊ केली गेली, ती यांनी नाकारली, पैसेच हवे म्हणाले. शेवटी १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पन्नास लाख रुपये देऊन प्रकरण मिटवायला सांगितलं. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते. म्हणजे पेठ रोडच्या आरटीओत गाडीचं पासिंग संपायला आणि न्याय मिळायला साधारण एकच मुहूर्त.

पैसे परत मिळाले तरी कुठले, हाही प्रश्न आहेच. शोरूमची किंमत कंपनी देईल एखाद वेळी. पण दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्र सरकारने ११ टक्के रोड टॅक्स आधीच घेतलेला असतो. विमा झालेला. बँकेचा हप्ता तर गाडी चालते की नाही याची चौकशी न करता पाच तारखेला खात्यातून जातो. विम्यात एक 'रिटर्न टू इनव्हॉइस' नावाची सोय असते, तीत गाडी चोरीला गेली तर बिलाची रक्कम मिळते. त्यावरही घरात गांभीर्याने विचार झाला. पण चोर गाडी मुंबईला नेणार, गिऱ्हाईक मिळालं नाही म्हणून परत फिरणार, आणि कसाऱ्याला सापडणार.

शेवटी प्रेसच्या काकांचाच मंत्र चालला. पुढच्या खेपेला त्यांनी मला जॉबकार्डावर पेनने मराठीत लिहायला लावलं: 'घाट चढताना गाडी पिकअप सोडते. हीच तक्रार याआधीही केली आहे. आजवर एकदाही चढावर ट्रायल घेतलेली नाही.' खाली सही, तारीख. ॲडव्हायझरचा चेहरा पडला. "सर, हे सिस्टिममध्ये बसत नाही."

"म्हणून तर पेनने लिहिलंय," काका म्हणाले आणि त्याच कागदाचा त्यांनी तिथेच मोबाइलवर फोटो काढला. नंतर नोटीस गेली, रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावतीसह. मग कंपनीचा एक इंजिनिअर आला. त्याला नांदुरीहून सप्तशृंगी गडाच्या घाटात नेलं. अर्ध्या चढावर 'कुईं', मग 'टक्', आणि मग आम्ही दोघं, शांत. मागे भाविकांनी भरलेली एसटी. इंजिनिअरने स्वतःच्या हाताने, बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं, 'कन्सर्न ऑब्झर्व्ड.' असा आनंद मला दहावीच्या निकालाला झाला नव्हता.

इंधनपंपाचा अख्खा संच बदलून मिळाला. मायकोच्या काकांनी सोसायटीत पेढे वाटले. पैसे परत मिळाले नाहीत, गाडी बदलून मिळाली नाही; २००६ च्या निकालाप्रमाणे भाग तेवढा मिळाला. गाडी आता घाट चढते.

दर २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन असतो, सभागृहात भाषणं होतात, 'जागो ग्राहक' होतं. ग्राहक जागाच आहे हो, तो घाटात ट्रकच्या हॉर्नने जागा राहतो. दिल्लीच्या ग्राहक मंत्रालयाकडे माझी मागणी एवढीच: लेमन लॉ यायचा तेव्हा येवो, तोवर प्रत्येक जॉबकार्डावर एक रकाना सक्तीचा करा, 'हीच तक्रार कितव्यांदा?', आणि तो भरायचं पेन ग्राहकाच्या हातात द्या.