एक्केपंत

पणजीला मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोच्या बोटीवर एखाद्या छोट्या पोकर टूर्नामेंटला गेलात, तर एक्केपंतांना शोधावं लागत नाही. गेला पाऊण तास एकही डाव न खेळता जो गृहस्थ सोवळ्यात असल्यासारखा बसून आहे, ते एक्केपंत. पुण्याहून रात्रीच्या स्लीपर बसने आलेले. डोक्याला टोपी, बंद खोलीत काळा चष्मा, कानांवर हेडफोन. हेडफोनात काहीही वाजत नसतं; तो फक्त धाक बसावा म्हणून.

सुरुवातीला प्रत्येकापुढे 10000 चिपा असतात आणि ब्लाइंड, म्हणजे सक्तीची बोली, 25 आणि 50. पन्नास चिपांत पुढची पानं बघायला मिळतात म्हटल्यावर बाकीची मंडळी काहीही हातात घेऊन खेळत असतात. पंत मात्र पानं टाकून मोकळे: फोल्ड, फोल्ड आणि फोल्ड. चांगली पानं आल्याशिवाय हात घालायचा नाही, हे त्यांचं तत्त्व. तत्त्व चोख आहे, पोकरच्या पुस्तकांतही तेच लिहिलेलं असतं. पंचाईत होते ती चांगली पानं आल्यावर.

आणि ती येतात. एक्क्यांची जोडी! सरासरी 221 डावांत एकदा येणारा योग. पंत हातातल्या दोन पानांचा कोपरा उचलून बघतात. मग परत बघतात, न जाणो, मघाशी नीट दिसलं नसेल. चिपांशी चाललेला चाळा थांबतो, पाठ ताठ होते, हेडफोन गळ्यात येतो. एक्के इस्पिकचे की बदामचे, एवढंच काय ते टेबलाला कळायचं राहतं.

आता रीतीप्रमाणे ब्लाइंडच्या तिप्पट-चौपट, म्हणजे दीडशे-दोनशे चिपांचं रेज करावं. एकदोघं येतात, बाकीचे जातात. पण पंतांना भीती, सगळेच पळाले तर? म्हणून ते सापळा लावतात आणि नुसते पन्नास टाकतात. मागोमाग चौघं आत. समोर एकच भिडू असला, त्याच्या हातात काहीही असो, तर एक्के शंभरात साधारण 85 वेळा जिंकतात. चौघं असले की तोच आकडा 56 वर येतो. उंदीर धरायचा म्हणून पंतांनी अख्ख्या आळीला जेवायला बोलावलेलं असतं.

टेबलावर सगळ्यांच्या सामाईक पानांत राणी, सत्ती, पंजी उघडतात. आता पंत जोरात बोली लावतात. कोपऱ्यातला चोवीस-पंचवीस वर्षांचा पोरगा शांतपणे ती वाढवतो. इथे कुणीही जरा थांबून विचार केला असता. पण रजा, बसभाडं, बायकोला सांगितलेलं ऑफिसचं काम, सगळं त्या दोन एक्क्यांवर लागलेलं. ऑल-इन, होत्या नव्हत्या त्या सगळ्या चिपा! पोरगा पानं उलटतो: सत्ती आणि पंजी, म्हणजे दोन जोड्या. पुढच्या दोन पानांत पंतांच्या कामाचं काही येत नाही.

‘‘सत्ती-पंजीने कोण खेळतं हो?’’

‘‘पन्नासच तर होते, काका.’’

चिपा गेल्याचं दुःख असतंच, पण त्या ‘काका’चा घाव खोल जातो.

छोट्या टूर्नामेंटमध्ये पहिले काही टप्पे पुन्हा पैसे भरून बसता येतं. ‘‘आता पुरे’’ असं म्हणत म्हणत पंत पैसे भरतात. या खेपेला राजांची जोडी येते. धडा घेतलेला असतो, म्हणून ते एकदम 2000 टाकतात. सगळं टेबल फोल्ड. राजांच्या जोडीची कमाई 75 चिपा! तरीही पंत दोन्ही राजे उघडे करून दाखवतात, ‘‘वाचलात’’ अशा चेहऱ्याने. वाचलेल्यांना त्याचं काहीच वाटत नाही.

पंतांचं दैवत ख्रिस मनीमेकर. हा टेनेसीचा अकाउंटंट 86 डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून वर चढत 2003 मध्ये लास व्हेगासला वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत पोचला आणि 25 लाख डॉलर जिंकून गेला. पंतही अकाउंट्सलाच, हा योगायोग ते ओळख झाल्यावर दुसऱ्या मिनिटाला सांगतात. मनीमेकरचा सर्वांत गाजलेला डाव मात्र त्यांच्या तोंडी येत नाही. शेवटी सॅमी फरहा एकटाच समोर उरलेला असताना मनीमेकरने हातात जोडीसुद्धा नसताना ऑल-इन केलं आणि फरहाने जिंकणारी पानं टाकून दिली. पंतांच्या धर्मात हे बसत नाही. पानं चांगली, तर डाव आपला. मधे खेळ कशाला?

2025 च्या ऑगस्टात संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. तेव्हापासून पंतांच्या फोनमध्ये पोकर उरलंय ते स्क्रीनशॉटपुरतं. सगळे हरलेल्या डावांचे. एक्के दश्शीला हरले, राजे एक्का-दुर्रीला हरले, तारीखवार. जिंकलेल्या डावाचा एकही नाही. जिंकले नव्हते असं नाही, पण जिंकलेल्या डावात सांगण्यासारखं काय असतं? माझं स्वच्छ मत आहे की पंत बक्षिसासाठी येतच नाहीत. त्यांना अन्याय हवा असतो, तोही साक्षीदारांसमोर झालेला, आणि प्रवेश फी भरून तो खात्रीने मिळण्याची दुसरी जागा त्यांना ठाऊक नाही.

परतीच्या बसमध्ये शेजारच्या बर्थवर पंत आले, तर पाणी विचारा, चार्जर द्या, खिडकीची बाजूसुद्धा देऊन टाका. फक्त ‘‘कसा झाला गेम?’’ एवढं विचारू नका. पुणं यायला दहा-बारा तास लागतात.