विसरण्याचे हप्ते

राजूरच्या गणपतीला अंगारकीची गर्दी असते, तेव्हा दर्शनाआधी नंबर लागतो तो गोंदणाऱ्याकडे. बॅटरीवरचं मशीन गुणगुणतं, दोन मित्र धीर द्यायला उभे असतात, आणि उसाचा रस पिऊन होईतो माणूस जन्मभराचा बांधला जातो. माझा भाचा असाच एका अंगारकीला उजव्या दंडावर तीन अक्षरं घेऊन आला. ती कोणाची, हे घरात कोणी विचारलं नाही. आमच्याकडे भिंतींना कान असतात आणि माणसांना सोयीचा बहिरेपणा. पुढे त्या अक्षरांच्या मालकिणीचं लग्न परतूरला झालं, आणि भाचा सैन्यभरतीच्या तयारीला लागला.

सैन्याला प्रेमाचं वावडं नाही, फक्त त्याची जागा ठरलेली आहे. कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला, नाहीतर तळहाताच्या मागे, एवढ्यातच कायमचं गोंदण चालतं. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलं आणखी काटेकोर: हात डावाच हवा, कारण उजव्याने सलाम ठोकायचा असतो. म्हणजे पोराने वीतभर खाली आणि जरा आतल्या अंगाने प्रेम केलं असतं, तर देशाची काही हरकत नव्हती.

त्वचारोगाचे डॉक्टर शांत गृहस्थ होते. त्यांच्यापुढे इतके दंड उघडे झाले असणार, की त्यांनी नाव वाचलंच नाही, शाईचा रंग तेवढा पाहिला. काळी लवकर हार मानते, म्हणाले. नावाभोवतीच्या वेलीची हिरवी पानं मात्र चिवट निघतील. एक बैठक, मग सहा ते आठ आठवडे थांबायचं, मग पुन्हा बैठक; एकूण किती, ते आधी छातीठोक सांगता येत नाही. थोडक्यात, विसरणं रोखीत मिळत नाही, हप्त्यांनीच घ्यावं लागतं. बधिर करणारं मलम लावून त्याला तासभर बसवलं, सगळ्यांच्या डोळ्यांवर जाड चष्मे चढले, आणि टक् टक् करत लेझरचा ठिपका फिरू लागला. बघता बघता अक्षरं पांढरीफटक पडली. ‘‘मामा, गेलं की!’’ भाच्याचा चेहरा उजळला. पण ते होतं कातडीतल्या वायूच्या बुडबुड्यांचं धुकं. थोड्या वेळाने ते विरलं आणि नाव जसंच्या तसं वर आलं. फोड येईल, तो फोडायचा नाही. खपली धरेल, ती काढायची नाही. उन्हापासून जपायचं, नाहीतर सावळ्या कातडीवर डाग राहतो. उन्हापासून जपायचं म्हणे. जालन्यात. एप्रिल महिन्यात.

खरी गंमत कातडीच्या आत चाललेली असते. शाई तिथे आपली आपण रुतून बसते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात शरीराला ती पहिल्या दिवसापासून नकोच असते. भक्षक पेशी धावून येतात, कण गिळतात, पण ते काही पचत नाहीत, मग पोटात घेऊन जागच्या जागी बसून राहतात. मार्सेच्या संशोधकांनी 2018 साली उंदरांवर दाखवून दिलं, की अशी पेशी मेली की कण मोकळे होतात आणि नवी पेशी येऊन त्यांचा ताबा घेते. सातबाऱ्यावर वारसाची नोंद लागावी तसं. म्हणजे भाचा अकादमीत धावत होता, पोळ्याला बैलं सजवत होता, तिच्या लग्नाच्या पंगतीत मुकाट्याने बुंदी वाढत होता, तेव्हाही त्याच्या दंडात कोणी ना कोणी ते नाव सांभाळून होतं. लेझर त्यातलं काही खोडत नाही. सेकंदाच्या अब्जांशात मोजावी अशी झळ देऊन कण फोडतं, एवढंच. उचलून न्यायचं काम पुन्हा शरीराचंच. आणि नेता नेता काही कण जवळच्या लसिका गाठींत मुक्कामाला राहतात. दंडाला जवळच्या गाठी काखेत असतात.

हे मी आईला सांगितलं, तेव्हा ती शेंगा फोडत होती. तिच्या कपाळावर ठिपका आहे, हातावर तुळस आहे. मेल्यावर सोबत येतं ते गोंदणच, अशा भरवशावर तिने लहानपणी कळ सोसलेली. तिची ती काजळीची, हाताने टोचलेली नक्षी लेझरपुढे बहुधा सगळ्यात आधी विरघळेल आणि नातवाची दुकानातली हिरवी शाई ठाण मांडून बसेल, हे मात्र मी तिला सांगितलं नाही. ‘‘मग ते नाव गेलं कुठं म्हणं?’’ तिने विचारलं. काखेत, मी म्हणालो. ती इतकी हसली की सुपातल्या शेंगा सांडल्या. ‘‘काखेत कळसा!’’ एवढंच तिला बोलता आलं.

हप्ते चालू आहेत. अक्षरं आता इतकी फिकी झालीत की ठाऊक असणाऱ्यालाच वाचता येतात, आणि ठाऊक तर सगळ्यांनाच आहे. पानं हिरवीगार आहेत. मेडिकलला विचारलं तर काय सांगू, म्हणून पोरगं परवा चिंतेत होतं. आईने त्याचा दंड उजेडाकडे वळवला, चष्मा वर-खाली करून पाहिला आणि म्हणाली, ‘‘तुळस हाय म्हनावं. आजीनं लावलीय.’’