खोली दोघांची, बैठक चौदांची

लग्नाचं मंगल कार्यालय ठरवायला यवतमाळात दोन माणसं पुरतात. एक भाव करतो, दुसरा 'जाऊ द्या नं भाऊ' म्हणतो. आचारी ठरवायला एकच पुरतो, कारण तो आधीच्या लग्नात जेवलेला असतो. पण लग्न झाल्यावर नवरा-बायकोनं बेटावर कुठल्या खोलीत उतरायचं हे ठरवायला चौदा लागतात, आणि त्यात ते दोघं धरलेले नसतात. ज्यांच्या डोक्याला मुंडावळ्या बांधल्या, त्यांनी ते चालवायचं कशाला?

अशा एका बैठकीला शेजारधर्म म्हणून मीही होतो. मुलाकडून काका, मुलीकडून मामा, दोन्हीकडच्या आत्या, आजी, इवाई, इहीन आणि पुण्यात नोकरीला असलेले थोरले जावई. हे मालदीवला जाऊन आलेले, म्हणून अध्यक्ष. मोबाइलवर दत्त चौकातला ट्रॅव्हल एजंट. त्यानं समुद्र एकदाच पाहिला आहे, तोही गणपतीपुळ्याला देवदर्शन आटोपल्यावर. तरी त्याच्याकडे जगातल्या प्रत्येक बेटाचा फोटो असतो आणि प्रत्येक फोटोत खोली तीच असते: निळं पाणी, पाण्यात खांब, वर गवताचं छप्पर, पलंगावर टॉवेलचे दोन हंस.

"वरतं गवतच हाये नं?" आजी फोटो डोळ्यांजवळ नेऊन म्हणाल्या. "मंग आपला गोठा काय वाईट होता?"

या पाण्यावरच्या खोलीचा जन्म गरजेतून झाला. ताहितीच्या बाजूला रायातेआ नावाचं बेट आहे. तिथं तिघा अमेरिकनांचं हॉटेल होतं आणि त्याला वाळूचा किनाराच नव्हता. म्हणून १९६७ साली त्यांनी खोल्याच पाण्यात नेऊन ठेवल्या. जे नाही त्याचेच पैसे घ्यायचे, ही युक्ती आमच्याकडे फक्त पाण्याच्या बिलात रुळली. त्यांनी तिचं पंचतारांकित हॉटेल केलं. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणं तळाला गेली तेव्हा ज्या घरानं टँकरपुढे ड्रमांची रांग लावली, त्याच घराला आता पलंगाखाली पाणी हवं आहे, तेही काचेतून दिसणारं. त्यातला थेंब पिता येत नाही, हे कुणी सांगत नाही. मालदीवच्या बेटांवर नदी नाही. रिसॉर्टवाले समुद्राचं पाणी यंत्रानं गोडं करतात. म्हणजे पाणीटंचाई तिथंही आहे, फक्त तिला सी व्ह्यू आहे.

थोरले जावई अर्थातच मालदीवचे. तिथं साधारण बाराशे बेटं, त्यातली दोनशेच्या आसपास वस्तीची, आणि पर्यटकांसाठी रिवाज असा की एका बेटावर एकच रिसॉर्ट. हे ऐकून इहीनबाईंना बरं वाटलं. पोरगी शेजारपाजारात जाऊन बसणार नाही. पण एकदा तिथं उतरलात की चहा त्यांचा, पोहे त्यांचे आणि भावही त्यांचाच. पलीकडच्या टपरीवर जायचं तर पोहत जा. शिवाय एजंट खोलीचा भाव सांगतो, खोलीपर्यंत पोचायचा सांगत नाही. विमानतळापासून पुढे स्पीडबोट किंवा सीप्लेन, आणि सीप्लेन उडतं दिवसाउजेडीच. यवतमाळहून गाडीनं नागपूर, नागपूरहून मुंबई, असं करत जोडपं संध्याकाळी मालेला टेकलं, की पहिली रात्र जवळच्या हुलहुमालेत काढायची. त्या खोलीचे पैसे वेगळे. तिकडे पाण्यावरच्या खोलीत ते दोन हंस रात्रभर एकटे. त्यांचंही भाडं आपल्याच खात्यावर. वर माणशी, रोजचा, डॉलरमधला ग्रीन टॅक्स. आणि 'हाफ बोर्ड' म्हणजे बहुधा दुपारचं जेवण नाही. यवतमाळात दुपारचं जेवण नसतं ते फक्त एकादशीला, आणि तेव्हाही उसळ असते साबुदाण्याची.

त्याच देशात स्थानिक लोकांच्या बेटांवर २०१० च्या सुमारास साधी गेस्टहाऊस सुरू झाली. तिथं तेच निळं पाणी कितीतरी स्वस्तात बघायला मिळतं. दारू मात्र मिळत नाही, आणि पोहण्याच्या कपड्यांना किनारा नेमून दिलेला असतो. अध्यक्षांना हे ठाऊक होतं. ते स्वतः तिथंच राहिले होते आणि फोटो एक दिवसाचा पास काढून रिसॉर्टात काढून आले होते. बैठकीत हे कुणालाच कळलं नाही. मला कळलं, कारण त्यांच्या बायकोनं चहा देता देता सांगितलं.

मालदीवचं नाव निघताच मुलाचे काका उठून उभे राहिले. २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधानांचे लक्षद्वीपचे फोटो आले, तिकडचे तीन उपमंत्री वाकडं बोलले, आणि आपल्याकडे बहिष्काराची लाट आली. त्या आठवड्यात यवतमाळच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ज्यांनी उभ्या आयुष्यात मालदीवचं बुकिंग केलं नव्हतं, त्यांनीही ते रद्द केलं. काका त्यात आघाडीवर. "आपलं लक्षद्वीप काय कमी हाये?" काही कमी नाही. बेटं ३६, वस्तीची १०. जायला परवाना लागतो, आगत्तीला उतरणारी विमानं लहान, राहायच्या जागा मोजक्या. एजंटानं दोन दिवस फोन लावले आणि मग कबूल केलं की देशप्रेमाला खोली शिल्लक नाही. पुढे २०२५ च्या जुलैत पंतप्रधानच मालदीवच्या स्वातंत्र्यदिनाला पाहुणे म्हणून जाऊन आले. काकांनी बहिष्कार तेव्हापासून कुठं ठेवला, ते घरात अजून सापडत नाही.

मामांचं मत अंदमानला. तिथं २०१८ च्या डिसेंबरात हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप, आणि २०२४ च्या सप्टेंबरात पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. लग्नानंतरची दुसरी रात्र शहीद द्वीपावर, हे कळल्यावर नवरदेवाचे मित्र जे बोलले ते या सदरात छापता येणार नाही. पहिली रात्र श्री विजयपुरमलाच, असा मामांचा हट्ट. संध्याकाळी सेल्युलर जेलमधला ध्वनी-प्रकाशाचा कार्यक्रम बघायचा. एकेका माणसाला कोंडायला बांधलेल्या कोठड्या बघून मग दोघांच्या खोलीत जायचं, या क्रमात मामांना संस्कार दिसतो.

स्वराज द्वीपावर उतरणाऱ्यानं विचारावा असा प्रश्न एकच आहे: पूर्वेला राहायचं की पश्चिमेला. विजयनगर, गोविंदनगर हे किनारे पूर्वेचे. तिथं हॉटेलं जास्त, बाजार जवळ, सूर्य दारात उगवतो. पण ओहोटी लागली की पाणी लांब जातं आणि खडक उघडे पडतात. हॉटेलचा फोटो भरतीला काढलेला असतो, आणि त्यात छायाचित्रकाराचा काही दोष नाही. राधानगरचा किनारा पश्चिमेचा. २००४ साली 'टाइम'नं त्याला आशियातला सर्वोत्तम ठरवलं, तेव्हापासून तिथल्या मोजक्या खोल्यांच्या भावाला ते छापून आल्याचं चांगलंच लक्षात आहे. त्यात अंदमानचं घड्याळ आपलंच असलं तरी सूर्य कलकत्त्याच्याही पूर्वेचा. डिसेंबरात पाचच्या सुमारास मावळतो. यवतमाळचा नवरदेव दुपारची झोप काढून उठेपर्यंत दिवस संपलेला.

पण पूर्व की पश्चिम, हे चौदातल्या एकानंही विचारलं नाही. भरती किती वाजता, जेट्टीपासून किती लांब, बोट बंद पडली तर काय, काही नाही. सगळ्यांनी विचारलं, बाथटब आहे का. आत्यांनी विचारलं, त्यात गुलाबाच्या पाकळ्या ते टाकतात की आपण न्यायच्या. इहीनबाईंना बालीच्या एका फोटोत न्हाणीघराला काचेची भिंत दिसली, आणि बाली हे बेट त्याच क्षणी यादीतून गेलं. खोली निवडायची ती आत राहणाऱ्यांसाठी नव्हतीच. ती दारव्हा, दिग्रस, पुसद आणि वणी इथल्या सोयऱ्यांच्या मोबाइलसाठी होती, आणि मोबाइलच्या पडद्यावर ओहोटी येत नाही.

एक काम मात्र या बैठकांनी केलं. मधुचंद्राचा केक आणि पलंगावरची फुलं फुकट हवी असतील तर लग्नाचा दाखला दाखवा, असं पुष्कळ रिसॉर्टवाले म्हणतात. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा कायदा १९९८ चा, पण वऱ्हाडाची वरात ग्रामपंचायतीपर्यंत सहसा जात नसे. आता जाते. ग्रामसेवकाच्या सहीशिक्क्यावर हिंदी महासागरात केक मिळतो म्हटल्यावर लोक रांग लावतात. शासनाच्या जाहिरातींना जे जमलं नाही, ते अर्ध्या किलोच्या चॉकलेट केकनं केलं.

आजींची शंका शेवटपर्यंत फिटली नाही. "बेट म्हन्जे चारीकून पानीच नं? मंग पूर आला तं पोरगं जाईन कुठं?" सगळे हसले. मी हसलो नाही. २२ जुलै २०२३ ला आमच्याच जिल्ह्यात एक बेट तयार झालं होतं. महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुरानं चारही बाजूंनी वेढलं, माणसं अडकली आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं बोलवावी लागली. पाण्यानं वेढलेली वस्ती, वर आभाळ, न्यायला आकाशमार्गे वाहन. मालदीवला याच गोष्टींचे डॉलर पडतात. आमच्याकडे त्याला पॅकेज म्हणत नाहीत, पंचनामा म्हणतात.

निर्णय काही झाला नाही. लग्न फेब्रुवारीत लागलं, जोडपं कळंबच्या चिंतामणीला जाऊन आलं आणि बैठक तहकूब राहिली. मग आला अधिक महिना. २०२६ चा ज्येष्ठ अधिक, १७ मे ते १५ जून. जावयाला धोंड्याचं वाण द्यायचं, आणि नव्या जावयाला चांदीच्या ताटात तेहतीस अनारसे देऊन भागत नाही. मुलीच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या इवायांनी, बैठक न बोलावता एजंटाला गाठलं. कापूस-सोयाबीनचा माणूस, कमी बोलतो.

एजंट खूश. त्यानं अंदमान सुचवलं; तिथले भाव मे महिन्याच्या शेवटाला उतरलेले असतात. का उतरतात ते त्यानं सांगितलं नाही. मी सांगितलं. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास मोसमी पाऊस सगळ्यात आधी अंदमानवरच येतो. समुद्र खवळतो, बोटी रद्द होतात, आणि महागड्या खोलीतून दिसतो तो फक्त पाऊस. अख्खा यवतमाळ जिल्हा ज्या ढगांकडे तोंड करून बसतो, ते आपले जावई पैसे भरून आधी बघून येणार.

इवाई जराही डगमगले नाहीत. उलट खुर्ची पुढे ओढून बसले. २०२५ साली पाऊस १३ मेलाच निकोबारात आला, २४ तारखेला केरळात, आणि मग विदर्भाच्या वेशीवर येऊन जो रुसला तो जूनच्या मध्यापर्यंत. टीव्हीवरच्या नकाशावर त्यांचा विश्वास तेव्हापासून उडालेला. त्यांनी एजंटाला विचारलं, "खोलीचं तोंड कोनीकडं हाये?"

एजंट म्हणाला, "बाथटब आहे, काका."

"थे नाई इचारलं. नैऋत्येकडं खिडकी पाह्यजे. पानी तिकूनच येते नं?"

एजंटानं धंद्याला लागल्यापासून पहिल्यांदा नकाशा उघडला. राधानगर पश्चिमेला निघालं. महाग होतं, तरी इवायांनी तेच घेतलं, आणि निघताना जावयाला दोनच गोष्टी बजावल्या: रोज सकाळी सहाला फोन करायचा, आणि ढग काळे आहेत की नुसते पांढरे, ते नीट पाहून सांगायचं, बियाण्याच्या थैल्या त्याशिवाय उचलायच्या नाहीत.