सातबारा, शोधयंत्र आणि 'नवीन फोल्डर'

घरच्या संगणकात साठवलेल्या फायलींमधून हवी ती फाइल काढून देणाऱ्या आज्ञावलीला डेस्कटॉप शोधयंत्र म्हणतात. गूगलने असे साधन ऑक्टोबर 2004 मध्ये आणले आणि 2011 मध्ये बंद केले. तोवर विंडोजमध्येच ही सोय अंगभूत झाली होती. या साधनांचे मर्म अनुक्रमणिकेत असते, म्हणजे संगणक रिकामा असताना यंत्र कोणता शब्द कोणत्या फायलीत आहे याची सूची करून ठेवते आणि विचारणा होताच फायली न उघडता ती सूची तेवढी पाहते. कागद कोठे ठेवला हे विसरण्याचा जो हक्क मराठी कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या बजावला, त्याला या साधनाने शास्त्रीय अधिष्ठान दिले.

केज तालुक्यातील युसूफ वडगावच्या एखाद्या शेतकरी घरात या साधनाची परीक्षा घ्यायची झाल्यास पहिली अडचण गावाच्या नावापासूनच सुरू होते. युसूफ वडगाव, युसुफवडगाव आणि, अनावश्यक अनुस्वार गाळणारे 1962 चे लेखननियम ज्यांच्यापर्यंत अद्याप पोचलेले नाहीत त्यांच्या लेखणीतून, युसूफ वडगांव अशी रूपे एकाच घरातील कागदांवर नांदत असतात. माणसाला ती सर्व एकाच वेशीतून आत नेतात. अक्षराला अक्षर जुळवणारे यंत्र मात्र तालुक्यात नवी गावे वसवून मोकळे होते, आणि तेही ग्रामपंचायतीच्या ठरावावाचून.

दुसरी अडचण जुन्या फॉन्टची आहे. प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी युनिकोड ही जागतिक पद्धत रुळण्यापूर्वी कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये अक्षरांचे केवळ सोंग असे : संगणकाच्या पोटात रोमन 'डी' साठवलेला असे आणि पडद्यावर 'क' दिसे. त्यामुळे अशा फॉन्टात टंकलेला अर्ज वाचणाऱ्याला शुद्ध मराठीत दिसतो, तर शोधयंत्राला तो कोणा परकीय हेराचा सांकेतिक संदेश वाटतो.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. घरातील महत्त्वाचे कागद, म्हणजे सातबारा, आठ-अ, पीकविम्याची पावती, शाळेची टीसी, हे बहुधा मोबाइलने काढलेल्या फोटोच्या रूपात व्हॉट्सॲपवरून येतात आणि 'नवीन फोल्डर (2)' मध्ये कायमचे विसावतात. फोटोतील अक्षरे ओळखण्याची वेगळी सोय नसेल, तर यंत्राला त्या फोटोचे नाव तेवढे वाचता येते, आणि त्या नावात असते ती फोटो आल्याची तारीख व वेळ. घराची स्मरणशक्ती मात्र 'पोळ्याच्या आदल्या दिवशी, लाइट गेली होती तेव्हा' या कालगणनेवर चालते, जिची नोंद कोणत्याही अनुक्रमणिकेत नसते.

याचा अर्थ यंत्राला काहीच सापडत नाही असा नव्हे. कोणाला किती उसने दिले याची यादी, नाव, गाव, रक्कम आणि वायद्यासह, शुद्ध युनिकोडमध्ये टंकलेली असल्याने 'केज' एवढे लिहिताच ती पडद्यावर अवतरते, आणि ज्या पाहुण्याच्या देखत हा प्रयोग चाललेला असतो त्याचेच नाव तीत पहिले निघण्याचा संभव नाकारता येत नाही. येणे टंकून ठेवावे आणि देणे फोटोत ठेवावे, हा घरगुती दप्तराचा अलिखित नियम शोधयंत्रामुळे प्रथमच उजेडात येतो.

कागद आला त्याच दिवशी फायलीला गट क्रमांक, कागदाचा प्रकार आणि वर्ष असे नाव द्यावे, हा यावरील उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. परंतु तो स्वीकारल्यास दोष यंत्रावर ढकलता येत नाही, म्हणून तो सर्वमान्य होण्याची शक्यता कमी. प्रत्यक्षात सर्वमान्य असलेला उपाय असा, की 15 रुपये शुल्क भरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पुन्हा काढावा, सेवा केंद्राचे पैसे वेगळे द्यावेत, आणि ती नवी प्रतही त्याच फोल्डरात टाकावी. वाटण्या होत जमीन गुंठ्यांवर आली तरी सातबाऱ्याच्या प्रतींची वाढ कमाल जमीनधारणा कायद्याच्या कक्षेत येत नाही, हे कुटुंबाचे भाग्यच म्हटले पाहिजे.